करवंट्यांचे घोडे



गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळच्या वेळीं घरीं आला. पुण्यास कांहीं वर्षें संगणकाचें काम करून तो आतां हिंगोलीस परतला आहे, आणि दोन मित्रांच्या साह्यानें मोबाईलवर खेळावयाचा एक खेळ तयार करीत आहे. भांडवल म्हणावें असें पदरीं कांहीं नाहीं; तिघांच्या नोकरींतील शिल्लक तेवढी. खेळाची कथा मात्र मला आवडली. ती त्याच्या वडिलांच्या लहानपणची, म्हणजे १९८० च्या सुमाराची आहे. पोळ्याच्या आदल्या रात्रीं एका मुलाचा बैल दावें तोडून निघून जातो, आणि मुलगा त्याला शिवारांतून, ओढ्याच्या कांठानें, रेल्वेच्या रुळांवरून रात्रभर शोधीत फिरतो. पोळा अमावास्येचा, तेव्हां आदली रात्र काळोखी. म्हणून या खेळांत डोळ्यांपेक्षां कानांनींच अधिक शोधावयाचें.

"गुरुजी, पाहूं नका, नुसतें ऐका," असें म्हणून त्यानें तें यंत्र माझ्या हातीं दिलें. मीं डोळे मिटले. पाऊस आला, तो लांकडी छपरावर पडत होता. आमच्याकडे लांकडी छप्पर कोणाचें? पाऊस पत्र्यावर पडला तर ताशा वाजतो, आणि जुन्या माळवदावर पडला तर आंत बसलेल्या माणसाला त्याचा आवाजच येत नाहीं. पन्हळीची धार अंगणांतल्या फरशीवर पडूं लागली म्हणजे मग कळतें, कीं बाहेर पाऊस आहे. पुढें पहांट झाली, पक्षी बोलूं लागले, आणि त्यांत एकहि माझ्या ओळखीचा नव्हता. ना कावळा, ना भारद्वाज, ना "पेर्ते व्हा" म्हणणारा पावशा. शेवटीं एक कुत्रें भुंकलें. तेंहि कोणा साहेबाच्या घरचें असावें, असा मला संशय आला.

"हे आवाज आणलेस कोठून?" मीं विचारलें.

"फुकट मिळाले, गुरुजी. एका ठिकाणीं लाखोंनीं पडले आहेत."

त्या "फुकट" शब्दावरून मला हें आजचें भाषण सुचलें. ज्यांच्याजवळ पैसा नाहीं त्यांनीं आवाज आणावेत कोठून, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्याला नवा वाटत होता. परंतु तो नाटकाइतकाच जुना आहे, आणि त्याचीं उत्तरें आपल्या लोकांनीं फार पूर्वींपासून दिलेलीं आहेत.

विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस "सीतास्वयंवर" रंगविलें, आणि मराठी नाटक उभें राहिलें. त्या परंपरेंतल्या पौराणिक नाटकांत राक्षस येई तो आरोळी ठोकीत येई. त्या आरोळीवरूनच पुढें सुशिक्षित टीकाकारांनीं या नाटकांना "अललडुर्र नाटकें" असें कुत्सित नांव ठेविलें. टीकाकारांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण माझ्या मतें त्या आरोळींत एक मोठी समजूत होती. राक्षसाची भीति रंगविलेल्या तोंडापेक्षां आधीं कानांत शिरली पाहिजे, हें त्या नटांनीं ओळखलें होतें, आणि तिला लागणारी सामग्री म्हणजे एक घसा, तो देवानें दिलेलाच होता.

विलायतेंतहि असेंच होतें. तेथें पत्र्याचें मोठें पान टांगून तें हालवीत व मेघगर्जना करीत. जॉन डेनिस नांवाच्या नाटककारानें १७०९ सालीं आपल्या एका नाटकासाठीं गडगडाटाची नवी युक्ति काढली. नाटक पडलें, युक्ति मात्र नाटकगृहाच्या चालकांनीं ठेवून घेतली आणि थोड्याच दिवसांत "मॅकबेथ"च्या प्रयोगांत वापरली. तेव्हां प्रेक्षकांत बसलेला डेनिस उठून ओरडला, कीं हे लोक माझें नाटक चालवीत नाहींत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात, अशी कथा सांगतात. आवाजालाहि मालक असतो, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवावी. ती पुढें आपल्या कामीं येणार आहे.

दादासाहेब फाळक्यांचा "राजा हरिश्चंद्र" ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला, तेव्हां पडदा मुका होता. पुढेंहि बरींच वर्षें पेटी-तबला घेऊन बसलेले वादकच पडद्याजवळून आवाज पुरवीत. १९३१ सालीं "आलम आरा" आला, १९३२ सालीं प्रभातचा "अयोध्येचा राजा" आला, आणि पडदा बोलूं लागला. बोलूं लागला तो थांबेचना! जिकडे तिकडे गाणीं आणि वाद्यें. अशा वेळीं १९३७ सालीं शांतारामबापूंनीं प्रभातसाठीं "कुंकू" काढला. ना. ह. आपट्यांच्या "न पटणारी गोष्ट" या कादंबरीवरून तो घेतलेला होता. शांता आपटे यांची नीरा, केशवराव दात्यांचे काकासाहेब. या चित्रपटांत बापूंनीं पार्श्वसंगीत म्हणून वाद्यवृंद वाजविलाच नाहीं. प्रसंगांत जे आवाज सहज असावयाचे तेवढेच ठेविले. वृद्ध नवऱ्याच्या घरांतलें भिंतीवरील घड्याळ हें त्यांत एक पात्रच होऊन बसलें आहे. शंभर सारंग्या वाजवूनहि त्या माणसाचें सरलेलें वय जितकें कळलें नसतें, तितकें तें एका घड्याळानें कळतें. पैसा वांचविण्यासाठीं बापूंनीं हें केलें असें मी म्हणत नाहीं. प्रभातला वादकांची वाण नव्हती. परंतु ज्याच्याजवळ वाद्यवृंद नाहीं त्यानें "कुंकू" अवश्य पाहावा, असें मीं माझ्या विद्यार्थ्याला सांगितलें, आणि त्यानें तो पाहिला.

नभोवाणीचें तर सगळें राज्यच आवाजाचें. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्याच्या आधीं, १५ जानेवारी १९२४ रोजीं, लंडनहून बी.बी.सी.नें रिचर्ड ह्यूज यांची "डेंजर" ही श्रुतिका प्रक्षेपित केली होती. कोळशाच्या खाणींत दिवे जातात आणि माणसें अंधारांत अडकतात, एवढीच कथा. श्रोत्यांनीं घरांतले दिवे मालवून ऐकावें, अशी सूचना होती. अंधाराला खर्च येत नाहीं, हें ह्यूजसाहेबांना चांगलें कळलें होतें. अमेरिकेंत याच दशकाच्या शेवटीं जॅक फोली नांवाचा गृहस्थ चित्रपट पाहतां पाहतां त्यांतल्या माणसांचीं पावलें स्वतः चालून ध्वनिमुद्रित करूं लागला. ती कला आज त्याच्याच नांवानें ओळखली जाते. मक्याचें सत्त्व भरलेली कातडी पिशवी दाबली म्हणजे बर्फांतलीं पावलें होतात, आणि करवंट्या आपटल्या म्हणजे घोडे धांवतात.

करवंट्यांविषयीं मला थोडें अधिक सांगावयाचें आहे. कारण मीं त्या स्वतः वाजविल्या आहेत. मी मॅट्रिक झालों आणि १९७९ सालीं जिल्हा परिषदेच्या एका शाळेंत लागलों. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होती. वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. दरवर्षीं स्नेहसंमेलनांत एखादें ऐतिहासिक नाटुकलें होई, आणि मावळ्यांच्या घोड्यांसाठीं पडद्यामागें दोन मुलें करवंट्या घेऊन बसत. नुसती ठकठक केली तर ती सुताराची वाटते. करवंटी उपडी करून मातीवर आपटली म्हणजे पोटांतली हवा कोंडून भरीव पोकळ नाद निघतो, हें अर्धें काम. उरलेलें अर्धें चालीचें. घोडा सावकाश चालतांना चार टापा सुट्या ऐकूं येतात. दुडकीला दोन-दोन पाय एकदम पडतात. आणि खरी गंमत अशी, कीं चाल बरोबर असली तर नाद थोडा चुकला तरी कान तें पोटांत घालतो, पण चाल चुकली तर खऱ्या घोड्याचा खूर आणून आपटला तरी उपयोग होत नाहीं. एका वर्षीं भर प्रसंगांत एका मुलाच्या हातची करवंटी निसटून मंचाखालीं गेली. दुसऱ्यानें वाजविणें चालूंच ठेविलें. मावळा आवेशानें बोलत होता आणि त्याचा घोडा लंगडत होता. सगळी सभा हंसली. ज्या गांवांत एकेकाळीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि खरे घोडे फिरत होते, तेथें आम्हीं ही फजिती करून घेतली.

आतां एक चूक सांगतों. ती माझी स्वतःची आहे. १९८४ सालीं एका नाटुकल्याला आगगाडी हवी होती. आगगाडी करवंट्यांत मावेना. एका सहकाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि पूर्णेकडून येणारी गाडी स्टेशनांत शिरतांना मीं ती ध्वनिमुद्रित केली. मीटरगेजची लहान गाडी, वाफेचें इंजिन. आधीं लांबून शिट्टी, मग रुळांची कुरकूर, मग तो मोठा दमेकरी श्वास, आणि गाडी थांबल्यावर फलाटावरच्या माणसांचा एकच कालवा. नाटुकलें चांगलें झालें. पुढच्या वर्षीं संमेलनाला एक पाहुणे आले. त्यांचें भाषण टिपून ठेवावें असें ठरलें. नवी फीत घेण्यास शाळेजवळ पैसे नव्हते. तेव्हां मींच ती आगगाडीची फीत पुढें केली. भाषण चाळीस मिनिटें चाललें. तें पुढें कोणीं एकदांहि ऐकलें नाहीं.

असो. विद्यार्थ्याच्या खेळाकडे येतों. संगणकाच्या खेळांचा इतिहास फार जुना नाहीं. पण त्यांतहि गरिबीचीच हुशारी दिसते. १९७२ सालीं अमेरिकेंत "पाँग" हा टेबल टेनिससारखा खेळ निघाला. त्याच्या मालकाला गुण मिळाल्यावर प्रेक्षकांचा जयघोष हवा होता. यंत्र तयार करणारा ॲलन अल्कॉर्न याच्याजवळ तेवढी सामग्री नव्हती. यंत्रांत चित्र जुळविण्यासाठीं जें विद्युन्मंडल आधींच होतें, त्यांतलाच एक स्वर त्यानें शोधून काढला व तो जोडून दिला. तो "टक" असा एवढासा आवाज जगप्रसिद्ध झाला. १९७८ सालीं जपानांत निशिकाडो यांच्या "स्पेस इन्व्हेडर्स" या खेळांत चार उतरते खर्जस्वर पुन्हां पुन्हां वाजत, आणि शत्रूची चाल वाढली म्हणजे त्यांची लय वाढे. खेळणाऱ्याची छाती त्याबरोबर धडधडूं लागे. चार स्वर, अधिक कांहीं नाहीं! आमच्या तबलजीला हें सांगितलें तर तो म्हणेल, कीं यांत नवें काय? लय वाढविली म्हणजे सभा सरसावून बसते, हें आम्हांला ठाऊक होतें.

हल्लीं मात्र स्थिति पालटली आहे. टॉमस पेटरसन या गृहस्थानें २००७ सालीं "एसएफएक्सआर" नांवाचें एक छोटें साधन करून फुकट वांटलें. अठ्ठेचाळीस तासांत खेळ तयार करण्याची एक स्पर्धा असते. तेथें आवाज करण्यास वेळ कोणाला? म्हणून कळ दाबली कीं नाणें उचलल्याचा, उडी मारल्याचा, स्फोटाचा आवाज तयार, अशी ती सोय. बार्सिलोना येथील पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठानें २००५ सालीं "फ्रीसाउंड" हें भांडार उघडलें. त्यांत जगभरचे लोक स्वतः टिपलेले आवाज आणून ठेवतात. बी.बी.सी.नेंहि २०१८ सालीं आपल्या संग्रहांतले १६,००० हून अधिक आवाज लोकांस खुले केले. आवाज छाटण्या-जोडण्याचें "ऑडॅसिटी" हें साधन २००० सालापासून विनामूल्य मिळतें. म्हणजे गरिबाची सोय उत्तम झाली. पण येथेंच डेनिससाहेबांचा गडगडाट आठवावा. बी.बी.सी.चे ते आवाज घरीं ऐकण्यास, शिकण्या-शिकविण्यास व संशोधनास मोकळे आहेत. विक्रीच्या मालांत घालावयाचे तर वेगळा परवाना घ्यावा लागतो. फ्रीसाउंडमध्यें प्रत्येक आवाजाखालीं त्याची अट लिहिलेली असते. कांहींना अटच नाहीं. कांहींना कर्त्याचें नांव दिलें पाहिजे. आणि कांहीं धंद्यासाठीं वापरतां येत नाहींत.

माझ्या विद्यार्थ्याच्या खेळाला तो अल्पशी किंमत ठेवणार होता. मीं त्याला प्रत्येक आवाजाची अट वाचून दाखविण्यास सांगितलें. एकंदर ४३ आवाज निघाले. त्यांत खेळाच्या आरंभापासून शेवटपर्यंत वाहणारा वारा हाच तिसऱ्या वर्गांतला होता! त्यानें अट वाचलीच नव्हती. प्रश्न नीट वाच आणि मग उत्तर लिही, हें मीं त्याला चौथींत किती वेळां सांगितलें असेल. तो वारा तसाच राहता तर पुढें एखाद्या दिवशीं कोणी तक्रार केली असती आणि तिघांची शिल्लक त्या वाऱ्यावरच गेली असती.

वारा गेला, तेव्हां तो नवा करणें भाग पडलें. आणि एक नवा करावयाचा तर सगळेच आपले कां करूं नयेत, असा विचार निघाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें "राजी" नांवाचा खेळ काढला, त्याचें उदाहरण त्यानेंच मला सांगितलें. त्यांनीं २०१७ सालीं इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाहीं. तरी काम सोडलें नाहीं, आणि २०२० सालीं खेळ जगापुढें आला. त्याचीं चित्रें पहाडी चित्रशैलीच्या वळणाचीं आणि कथा सांगण्यास छायाबाहुल्या. परक्या बाजारांत गेला तो आपलें तोंड घेऊन गेला. "मग आपला बैल आपल्याच घाटीनें वाजला पाहिजे," असें विद्यार्थी म्हणाला, आणि मला बरें वाटलें.

पुढचे तीन आठवडे माझ्या घराची शोभा पाहण्यासारखी होती. रात्रीं पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीला गोधड्या, आणि मध्यें मोबाईल. वारा झाला तो जुन्या धोतराचा तुकडा पाट्याच्या खरबरीत कडेवरून ओढून. सुपांत ज्वारी घेऊन तें सावकाश कलतें केलें म्हणजे ओढ्याचें पाणी दगडांवरून सरकतें. तुराट्या मोडल्या कीं शेकोटी पेटते. वाळलेल्या पळसाच्या पानांवर मी चाललों तें मुलाचें चालणें झालें. मात्र एकच पाऊल पुन्हां पुन्हां वाजविलें तर तें यंत्र वाटतें, म्हणून सहा वेगवेगळीं पावलें टिपून तीं उलटसुलट क्रमानें वाजवावीं लागतात, हें मला त्यानें शिकविलें. पितळी वाटीवर चमचा मारून तो नाद अर्ध्या गतीनें वाजविला म्हणजे तो एक सप्तक खालीं उतरतो आणि दुप्पट वेळ टिकतो. वाटीची देवळांतली घंटा होते. औंढ्याची खरी घंटा आणावी असें मला वाटत होतें. पण देवळांत गर्दी फार, ती एकटी सांपडेना.

सर्वांत मजा हळकुंडानें केली. एका प्रसंगांत अंधारांत कांहीं तरी मोडतें आणि मुलगा दचकतो. हाड मोडल्याच्या आवाजासाठीं पाश्चात्य लोक सेलरी नांवाच्या भाजीचे देठ मोडतात. आमच्याकडे ती कोण आणतो? वसमत आणि हिंगोलीकडे हळद मुबलक. शिजवून वाळविलेली हळद पुरती वाळली कीं नाहीं, हें शेतकरी हळकुंड मोडून पाहतो. तें धातूसारखा खणखणीत आवाज करून तुटलें म्हणजे माल तयार. तो आवाज मोबाईलजवळ केला तेव्हां माझी पत्नी स्वयंपाकघरांतून "काय पडलें?" म्हणून धांवत आली. आम्हीं तिचें तें "काय पडलें?" देखील ठेविलें आहे.

बैलाच्या घाटीसाठीं आम्ही एका शेतकऱ्याच्या गोठ्यांत रात्रीं दहा वाजतां जाऊन बसलों. बैल मान हालवीना. सांगून थोडाच हालविणार? दीड तासानें त्याला माशी चावली आणि घाटी वाजली. तेवढ्यांत गांवचें कुत्रें भुंकलें. विद्यार्थी हळहळला, मीं त्याला थांबविलें. परदेशी कुत्र्याची जागा रिकामीच होती.

आतां ४३ पैकीं ४२ आवाज आपले झाले आहेत. राहिली ती आगगाडी. मुलगा रुळांवर उभा आहे, लांबून शिट्टी ऐकूं येते आणि त्याला बैलाची भीति वाटते, हा त्या खेळाचा गाभा आहे. वाफेच्या इंजिनांच्या शिट्ट्या भांडारांत पुष्कळ आहेत. पण त्या इंग्लंड-अमेरिकेच्या, आणि १९८० सालचा हिंगोलीचा माणूस त्या ऐकून मान हालवील असें मला वाटत नाहीं. आमची गाडी आतां मिळणार नाहीं. वाफेचीं इंजिनें तर आधींच गेलीं, आणि पूर्णा-अकोला मार्गाचें रुंदीकरण होऊन २००८ सालापर्यंत मीटरगेजहि गेली. माझी फीत मीं जपून ठेविली आहे. ती विद्यार्थ्यानें आपल्या यंत्रावर नीट लावून पाहिली. आरंभापासून शेवटपर्यंत पाहुणेच बोलत आहेत.

म्हणून श्रोत्यांस एक विनंति आहे. पूर्णा, वसमत, हिंगोली, वाशीम, अकोला या बाजूच्या कोणाच्या घरीं त्या काळांतील जुनी कॅसेट असेल, लग्नाची, मुंजीची, भजनाची, लहान मुलाच्या बोबड्या बोलण्याची, आणि घर रुळांच्या जवळपास असेल, तर ती एकदां शांत वेळीं ऐकून पाहावी. मुख्य आवाजाकडे लक्ष देऊं नये. मागें काय चाललें आहे तें ऐकावें. फीत बरेच दिवस पडून असल्यास आधीं एकदां पुढें-मागें सावकाश फिरवून घ्यावी, म्हणजे ती चिकटून तुटत नाहीं. आणि तिच्यावर दुसरें कांहीं टिपूं नये. शिट्टी सांपडल्यास या केंद्राच्या पत्त्यावर कळवावें; आम्ही दोघे यंत्र घेऊन येऊं.